सगळ्यांचं येऊ दे

भट्टीतून एकदमच निघालेले दोन पिझ्झे मी शेजारशेजारच्या दोन टेबलांवर ठेवले. डावीकडचे गृहस्थ म्हणाले, "अहो, हा जळालाय." उजवीकडच्या बाई म्हणाल्या, "अगं, हा कच्चा आहे." मी दोघांनाही एकच उत्तर दिलं, "हा असाच असतो." दोघांनीही माझ्याकडे एसटीच्या चौकशी खिडकीकडे बघावं तसं बघितलं.

गंगापूर रोडवर आमचं हॉटेल नवीन सुरू झालं तेव्हा पहिले काही महिने माझी सगळी नोकरी या एका वाक्यावर चालली होती. हा असाच असतो. मी झोपेतही हेच बडबडायचे, असं आई सांगते.

मी समता. या हॉटेलात मी वाढायचं काम करते. आता हॉलची जबाबदारी माझ्याकडे आहे, पण थाळ्या अजूनही उचलते आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण 'एमए झालीस ना गं तू?' हा प्रश्न मला ओळखीचं प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं. झाले. पुढे?

आमच्या सातपूरच्या घरात वर्तमानपत्राच्या आधी पत्रकं यायची. बाबा कारखान्यात होते आणि कारखान्यापेक्षा जास्त युनियनमध्ये होते. जेवायला बसायचं तर आधी पत्रकांचे गठ्ठे सरकवून ताटाला जागा करावी लागायची. इतर मुलं कमळाचा 'क' शिकली, मी कामगारांचा 'क' शिकले. त्यामुळे माझं बोलणं आजही मागण्या मांडल्यासारखं असतं, असं लोक म्हणतात. ते खरं आहे आणि मी ते बदलणार नाही.

नोकरी लागल्याचं घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "श्रीमंतांच्या पोरांना पिझ्झा वाढणार तू?"

मी म्हटलं, "घाम हा घाम असतो, असं तुमच्याच पत्रकात होतं."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "होतं," म्हणाले, "पण ते मशीनवरच्या घामाबद्दल होतं."

मग मी त्यांना आमच्या भट्टीबद्दल सांगितलं. तेव्हा कुठे त्यांनी चष्मा परत घातला.

ज्यांनी हा पिझ्झा खाल्लेला नाही त्यांच्यासाठी तो काय असतो ते सांगते. आपल्याकडे पिझ्झा म्हटलं की जाड, कुरकुरीत, चीजचा थर असलेला आणि बरोबर मसाल्याच्या पुड्या येणारा पदार्थ डोळ्यांसमोर येतो. आमचा तो नाही. हा नेपल्सचा. नेपल्स म्हणजे इटलीतलं समुद्रकाठचं शहर, पिझ्झ्याचं माहेर. त्याच्या पिठात मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट एवढंच. आदल्या दिवशी मळायचं, उंडे करून झाकून ठेवायचे आणि त्यांना निवांत फुगू द्यायचं. लाटण्याला त्या खोलीत प्रवेश नाही. उंडा बोटांनी मधून कडेकडे दाबत न्यायचा, म्हणजे आतली सगळी हवा काठाला जाते. वर टोमॅटो, ताजं चीज, तेलाची धार आणि बेझिलची पानं. मग विटांच्या घुमटाच्या भट्टीत, जळत्या लाकडांच्या शेजारी. ती भट्टी इतकी तापलेली असते की टेबलावर चार ग्लास पाणी ओतून होईस्तोवर पिझ्झा तयार होतो. काठ फुगून वर येतो, त्यावर काळे ठिपके पडतात आणि मध्यभाग मऊ राहतो. मऊच राहायला हवा. कुणाला तेच कच्चं वाटतं आणि ते ठिपके कुणाला जळलेले वाटतात.

मी पहिल्यांदा खाल्ला तेव्हा भट्टीजवळ उभी राहून खाल्ला होता. काठ तोडला तर आतून वाफ आली. चुलीवरच्या भाकरीचा पापुद्रा जसा एका बाजूला किंचित करपलेला आणि म्हणूनच चांगला लागतो, तशी त्याची चव. त्यावर आंबटगोड टोमॅटो आणि दुधाची चव न सोडलेलं चीज. मी काही खाण्यापिण्यातली जाणकार नाही, आमच्या घरी चवीपेक्षा चर्चाच जास्त व्हायची. पण त्या घासाला मला कळलं की हे काम मनापासून करणारा माणूस त्या भट्टीमागे उभा आहे.

तो माणूस म्हणजे रईसभाई.

रईसभाई मालेगावचे. घरची पाव-बिस्किटांची बेकरी, भट्टीवर तीन भाऊ. हे सगळ्यात धाकटे आणि सगळ्यात भांडकुदळ. आमचे मालक निनाददादा आधी जहाजावरच्या स्वयंपाकघरात आणि मग नेपल्सला राहून हे काम शिकले. नाशिकला परत येऊन त्यांनी भट्टी बांधून घेतली आणि भट्टीला माणूस शोधत मालेगावपर्यंत गेले. रईसभाई निघाले तेव्हा थोरले भाऊ सगळ्या बेकरीसमोर म्हणाले होते, "इटली की रोटी बेचेगा नाशिक में? ईद तक वापस आएगा तू." हे रईसभाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. विसरू नये म्हणून ते बहुतेक रोज कुणाला तरी सांगायचे.

स्वतःच्या कामाबद्दल त्यांना जराही नम्रता नव्हती. लांब दांड्याच्या पातळ फावड्यावर पिझ्झा घेऊन ते भट्टीसमोर असे उभे राहायचे की जणू समोर प्रेक्षक बसलेत. पिझ्झा चांगला फुगला की स्वतःच म्हणायचे, "वा रे रईस!" मला ते 'लीडर' म्हणायचे. कामाला लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात मी वेटर लोकांना बसायला स्टुलं मागितली होती, त्यावरून हे नाव पडलं. स्टुलं मिळाली. नाव राहिलं.

आमच्या गिऱ्हाइकांवर एक वेगळा लेख होईल. एक काका पिझ्झ्यावरचं बेझिलचं प्रत्येक पान उचलून, कागदी रुमालात घडी घालून खिशात ठेवायचे. मी विचारलं, "आवडत नाही का?" तर म्हणाले, "अहो, ही तुळशीची बहीण. तुळस चावत नाहीत. घरी कुंडीत घालीन." त्यांना पाहुण्यासारखं वागवावं की भाविकासारखं, मला कळेना. शेवटी मी त्यांच्या पिझ्झ्यावर पानं घालणंच बंद करायला सांगितलं, तर ते खट्टू झाले. कुंडीत पानं घालायची त्यांना सवय झाली होती.

सॉसवरून माझं आणि निनाददादांचं भांडण झालं. त्यांचा नियम होता, टेबलावर टोमॅटो सॉसची बाटली ठेवायची नाही. मी म्हटलं, "खाणाऱ्याला हवा असेल तर तुम्ही कोण नाही म्हणणारे? ही हुकूमशाही आहे." ते म्हणाले, "ही चव आहे." सॉस वाटीत आणि मागितला तरच, अशी तडजोड झाली. युनियनच्या घरात वाढल्यामुळे तडजोड कुठे करायची ते मला कळतं.

टोमॅटोवरून झालेलं भांडण मात्र मी हरले. पिंपळगावच्या बाजारात टोमॅटोचे ढीग पडलेले असताना आम्ही इटलीहून आलेल्या डब्यातले टोमॅटो वापरायचे, हे मला सहन होईना. मी भर स्वयंपाकघरात बोलले. स्वदेशी, शेतकरी, परदेशी भांडवल, सगळं आलं त्यात. निनाददादांनी शांतपणे दोन पिझ्झे केले, एक इथल्या टोमॅटोचा, एक डब्यातल्यांचा, आणि कुठला कोणता ते न सांगता मला खायला दिले. मी दोन्ही खाल्ले. मला डब्यातलाच आवडला. इथल्याला पाणी फार सुटलं होतं. रईसभाई इतके हसले की त्यांना फावडं खाली ठेवावं लागलं. पुढे निनाददादांनी इथले टोमॅटो अर्धे कापून भट्टीच्या मंद धगीत सुकवायला सुरुवात केली आणि त्यांचा एक वेगळा पिझ्झा यादीत आला. तो आता सगळ्यात जास्त जातो. ते भांडण मी हरले, तरी वाया गेलं नाही.

पण खरी अडचण सॉसची नव्हती आणि टोमॅटोचीही नव्हती. पिझ्झे परत येत होते.

एखाददुसरा नव्हे. शनिवार-रविवारी, जेव्हा हॉटेल भरायचं, तेव्हा एकामागोमाग एक. "मधून ओला आहे." "हे पीठ लागतंय." "जरा पुन्हा भाजून आणता का?" पुन्हा भाजला की तो खारीसारखा व्हायचा आणि मग तक्रार वेगळी यायची. गंमत म्हणजे लोक वाईट नव्हते. बरेच जण काहीच न बोलता अर्धा खाऊन उठायचे, हात धुताना माझ्याकडे बघून हसायचे आणि परत कधी यायचे नाहीत. मला परत पाठवणाऱ्यांपेक्षा तेच जास्त लागायचे.

एके दिवशी निनाददादांनी आम्हा दोघांना बोलावलं. हौसेनं बांधलेल्या त्या भट्टीकडे न बघता ते म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू. नाहीतर इलेक्ट्रिकचा ओव्हन आणतो. कडक बेस, वर चीज, लोकांना हवा तसा."

रईसभाई म्हणाले, "फिर उस में मेरा क्या काम, सेठ? बटन दबाने को?"

रईसभाईंनी भट्टीतलं एक लाकूड उगाचच पुढे सरकवलं. त्यांच्या मनात तेव्हा मालेगावची बेकरी आणि थोरले भाऊ आले असणार, हे मला न सांगता कळलं. ईद अजून लांब होती.

त्यानंतर आम्ही सगळे उपाय करून पाहिले. मी प्रत्येक टेबलावर सांगायला लागले, "गरम आहे तोवर खा हं, लगेच सुरू करा." लोक हसून मान डोलवायचे आणि हात मांडीवर ठेवून बसून राहायचे. रईसभाईंनी पिझ्झा थोडा जास्त वेळ ठेवून पाहिला आणि स्वतःच तो उचलून बाजूला टाकला. "ये मैं नहीं बनाऊँगा," म्हणाले. निनाददादांनी भिंतीवर पाटी लावली, त्यात हा पिझ्झा मऊच असतो असं लिहिलं होतं. ती पाटी वाचून लोक आणखी संशयाने पिझ्झ्याकडे बघायला लागले.

आणि मग तो रविवार आला.

नांदगावचं एक कुटुंब आलं होतं. मुलीचं नाव पूनम, अंबडच्या एका कंपनीत नुकतीच लागलेली. आई-वडील आणि मामा-मामी गावाहून आले होते आणि पूनम त्यांना तिच्या आवडत्या हॉटेलात घेऊन आली होती. मैत्रिणीबरोबर ती आमच्याकडे दोनदा येऊन गेली होती आणि दोन्ही वेळा ताट चाटूनपुसून खाल्लं होतं. त्या दिवशी तिने सगळ्यांसाठी एकेक पिझ्झा सांगितला. मला हळूच म्हणाली, "ताई, छान करायला सांगा हं. मी लय सांगितलंय घरी याच्याबद्दल." शहरात राहून कमावलेलं तिचं बोलणं आनंदाच्या भरात गावाकडे वळलं होतं.

आमच्या भट्टीत एका वेळी दोनच पिझ्झे नीट होतात. पहिले दोन मी नेले. मामांनी हात पुढे केला तोच पूनमची आई म्हणाली, "थांब ना रे भाऊ. सगळ्यांचं येऊ दे."

मामांनी हात मागे घेतला. सगळे बसून राहिले. पुढचे दोन आले. मग पाचवा, तो पूनमच्या आईचा. मध्येच दुसऱ्या टेबलाचे पिझ्झे भट्टीत गेल्यामुळे त्याला जरा वेळ लागला. तोवर पहिला पिझ्झा ओल्या फडक्यासारखा झाला होता. वडिलांनी एक घास घेतला आणि न बोलता दुसरा घेतला. मामी चमच्याने मधलं खरवडायला लागल्या. पूनम एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी मामा म्हणाले, "ताई, जरा इकडं या. हे कच्चं हाय बघा मधून."

पूनम खाली मान घालून म्हणाली, "मामा, मागच्या वेळी असा नव्हता." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आपल्या माणसांना कौतुकाने आणलं आणि आपलंच चुकलं, असं तिला वाटत होतं.

मी ताटं उचलून आत नेली. 'हा असाच असतो' हे वाक्य त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं नाही. रईसभाईंनी ते पाच पिझ्झे बघितले, फावडं भिंतीला टेकवलं आणि ॲप्रनसकट बाहेर गेले. मी मागे धावले.

"कौन बोला कच्चा?" ते टेबलाशी उभे राहून म्हणाले. सगळं हॉटेल बघायला लागलं.

मामा उठून उभे राहिले. चांगले दणकट होते. "मी बोललो. आम्हीबी भाकर खातो भाऊ रोज. भाजलेलं अन् न भाजलेलं कळतं आमाला."

"गरम आया था तब खाया क्यों नहीं? ठंडा करके खाओगे तो गीला ही लगेगा ना!"

"कसा खाणार?" मामांचा आवाज चढला. "आमच्या ताईचं ताट यायचं होतं! तिच्यापुढं मोकळं टेबल अन् मी तोंड हलवू? असलं नाय शिकवलं आमाला."

मला वाटलं, आता हे प्रकरण वाढणार. मी मध्ये पडायला पुढे झाले. पण रईसभाई तसेच उभे राहिले. त्यांनी पूनमच्या आईकडे बघितलं, मग मामांकडे. बोलताना उगारलेला त्यांचा हात खाली आला.

"हाँ," ते म्हणाले. "वो तो सही बात है."

आणि ते आत निघून गेले. मामा अर्धवट उभे, अर्धवट बसलेले.

मी मात्र तिथेच खिळून राहिले होते. सगळ्यांचं येऊ दे. हे वाक्य मी इतके महिने रोज ऐकत होते आणि कानाआड करत होते. दोघं दोघं येतात त्यांचे पिझ्झे एकदमच भट्टीतून निघतात, म्हणून त्यांचा कधी परत येत नाही. एकटा येतो तो बघून कुरकुरला तरी गरमच खातो, त्याचाही येत नाही. चार-पाच जणांचं घर येतं त्यांचाच येतो. पूनमचा मैत्रिणीबरोबर छान लागला आणि घरच्यांबरोबर बिघडला, तो यामुळे.

आणि त्यांना 'लगेच सुरू करा' असं सांगणारी मी कोण? मला तरी काय वेगळं शिकवलं होतं? बाबांच्या कारखान्यात संप होता तेव्हा गेटवर खिचडी व्हायची. शेवटच्या माणसाच्या द्रोणात पडेपर्यंत कुणी घास उचलत नसे. कुणी उचललाच तर बाबा काही बोलायचे नाहीत, नुसते बघायचे, आणि तो खाली ठेवायचा. ज्या गोष्टीचा मला आयुष्यभर अभिमान वाटला तीच गोष्ट मी लोकांना सोडायला सांगत होते. का, तर आमचा पिझ्झा गार होतो म्हणून.

मी आत गेले. निनाददादा ओट्याला टेकून उभे होते.

"दादा, पाच पिझ्झे पाठवू नका. एकच पाठवा. मध्ये ठेवू, पाच तुकडे करू. सगळ्यांचं एकदम येईल. तो संपत आला की दुसरा."

ते म्हणाले, "नेपल्सला कुणी कापून देत नाही, समता. प्रत्येकाचा स्वतःचा असतो. शिवाय कटरने कापला की वरचं सगळं ओढलं जातं, पाणी सुटतं. मी तिथे इतकं शिकलो ते असं चिंध्या करून वाढायला?"

"तुम्ही भाजायला शिकलात. ते कुणी बदलायला सांगत नाहीये. तिथे माणूस आपापलं खातो, इथे पंगत बसते. पंगतीला दोष देऊन तुम्ही ही भट्टी विझवणार आहात का? बाहेर एक मुलगी रडतेय. तिचं काय चुकलं? तिच्या मामाचं काय चुकलं? रईसभाईंचं तरी काय चुकलं?" मी आणखीही बोलले. सगळं लिहीत नाही, पण त्यात 'जनता' हा शब्द दोनदा आला होता, हे रईसभाई अजून सगळ्यांना सांगतात.

निनाददादा भट्टीकडे बघत राहिले.

"सेठ," रईसभाई म्हणाले, "बीच में सॉस थोडा कम डालता हूँ. और कटर नहीं, कैंची. कैंची से कपडा खिंचता नहीं, तो रोटी कायकू खिंचेगी?" मालेगावचा माणूस. यंत्रमागांच्या गावात वाढलेल्या माणसाला कापणं म्हटलं की कैचीच आठवणार. कोथिंबीर कापायची मोठी कैची तिथेच अडकवलेली होती. ती त्यांनी धुऊन, पुसून माझ्या हातात दिली. निनाददादांनी हो म्हटलं नाही. फक्त एक उंडा उचलून पसरायला घेतला.

पाच मोकळी ताटं आणि तो पिझ्झा मी पळतच नेला. टेबलाच्या मधोमध ठेवला आणि सगळ्यांसमोर कैचीने कापला. काठ कापताना कर्र असा आवाज झाला आणि वाफ वर आली. मामी म्हणाल्या, "अगं बाई, कातरी!" आणि हसल्या. पाच ताटांत पाच तुकडे पडले, आणि ज्याच्यासाठी थांबायचं असं कुणी उरलंच नाही.

पूनमच्या आईने तुकडा उचलला, फुंकर मारली आणि खाल्ला. मग काही वेळ तिने नुसता काठच चघळला.

"कसाय गं?" वडिलांनी विचारलं.

"गरम," ती म्हणाली. मग जरा थांबून, "घरी तुमाला वाढून माझं ताट घेईस्तोवर तवा गार झालेला असतो. आसं समद्यांसंगट गरम मी कधी खाल्लं होतं?"

वडील तुकड्याकडे बघत राहिले. मामा रईसभाईंच्या दिशेने हात वर करून ओरडले, "ओ मालेगाव! येऊ द्या दुसरा!" पूनम इतकी मोठ्याने हसली की शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून पाहिलं आणि मग तेही म्हणाले, "ताई, आमचापण असाच कापून द्या ना."

दिवाळी आली. इलेक्ट्रिकचा ओव्हन आला नाही. पुढे ईदही आली आणि रईसभाई मालेगावला गेले, ते भावांसाठी पिठाचे उंडे डब्यात घेऊन. परत आले तेव्हा त्यांनी मला शिंप्याची एक नवी कोरी कैची आणून दिली. आज आमच्याकडे ती रीत झाली आहे. एकट्यादुकट्याला अख्खा, घराला मधोमध आणि कैचीने. निनाददादा अजूनही कैची चालताना बघत नाहीत, भट्टीकडे तोंड करून उभे राहतात. सुरुवातीच्या महिन्यांत न बोलता उठून गेलेली ती सगळी घरं मला आठवतात. त्यांना शोधून आणून पुन्हा बसवावं असं वाटतं. ते जमणार नाही, याची चुटपुट राहील.

या उन्हाळ्यात बाबा पहिल्यांदा हॉटेलात आले. जुने सोबती बरोबर होते. सगळ्यांनी खाल्लं, कौतुक केलं. मग बाबा उठून थेट भट्टीपाशी गेले आणि सवयीप्रमाणे चौकशी सुरू केली. सुट्टी कधी, धग किती लागते, पाणी प्यायला मिळतं का. शेवटी विचारलं, "तुम्ही हा असा टेबलावर बसून गरम खाल्लाय का कधी?"

रईसभाई म्हणाले, "साहब, मैं बैठूँगा तो गरम बनाएगा कौन?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. खिचडीच्या द्रोणावरचं तेच बघणं.

दुसऱ्या दिवशी मी निनाददादांपुढे मागणी ठेवली. आठवड्यातून एकदा, हॉटेल उघडायच्या आधी, भट्टीवर मालक आणि टेबलावर रईसभाई. ते लगेच हो म्हणाले. मी आणलेले पुढचे मुद्दे तसेच राहिले.

तो पहिला दिवस होता. आम्ही सगळे मधल्या मोठ्या टेबलाशी बसलो होतो. रईसभाईंना मधली खुर्ची दिली होती. ॲप्रन काढलेला, केसांना पाणी लावून बसवलेले. निनाददादांनी भट्टीतून पिझ्झा काढला, फावड्यावरून ताटात सरकवला आणि स्वतः आणून त्यांच्यापुढे ठेवला. काठ सुरेख फुगला होता. टोमॅटो अजून उकळत होता.

"घ्या, रईसभाई. आज अख्खा तुमचा. नेपल्ससारखा."

रईसभाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. पिझ्झ्याकडे बघितलं, मग आमच्या मोकळ्या ताटांकडे.

"सबका आने दो," ते म्हणाले.

"अहो, मरतोय तो!" निनाददादा भट्टीकडे परत जाता जाता ओरडले. "तुम्हीच शिव्या घालायचात ना लोकांना? खा आधी!"

रईसभाई हलले नाहीत. वाफ कमी व्हायला लागली. मग त्यांनी माझ्याकडे न बघताच हात लांब केला.

"लीडर," ते म्हणाले, "कैंची ला."